अडीच आणि उणे अडीच

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी गणितात केली, आणि पुढे बत्तीस वर्षं पोटासाठी गणितच शिकवलं. शेणव्याच्या पुढच्या एका गावात माझी शाळा होती. दर वर्षी नववीच्या वर्गाला केवल मूल्य शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढायची, मध्यावर शून्य मांडायचं आणि मग थोडा वेळ मुलांकडे पाठ करून तशीच उभी राहायची. मुलांना वाटायचं, बाई काहीतरी विसरल्या. विसरता आलं असतं तर कशाला उभी राहिले असते. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सकाळी उठून कुणाच्या वह्या तपासायच्या नसतात, त्यामुळे मागचंच सगळं तपासत बसते. त्यात एक उदाहरण चुकलेलं आहे. ते मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

आमचं घर सापगावात, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. घरात बाबा, आई, काकू, माझी मोठी बहीण कुंदा आणि मी रंजना. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मी नववीत गेले त्या वर्षी चैत्रात गेले होते आणि त्यांची खाट अजून ओटीवरून हलवलेली नव्हती. बाबा पावसाळ्यात भात लावायचे आणि भात घरात आलं की वाशिंदच्या एका कारखान्यात बदलीवर जायचे. आई आणि काकू या दोघी जावा एका चुलीवर वीस वर्षं भाकऱ्या भाजत आल्या होत्या. त्यांचं आपसात फारसं बोलणं नसायचं, पण एकीने पीठ मळायला घेतलं की दुसरी न सांगता तवा ठेवायची. भाकरीवर पाण्याचा हात फिरला की होणारा चर्र आवाज, सुकट भाजल्याचा वास, मागच्या दारी काकूच्या खोकल्याची ढास, हे सगळं एका वेळी चालायचं. पावसाळ्याच्या तोंडाला रानातली शेवळं आली की काकू ती भाजी खाज मारणारी आंबट काकडं घालून शिजवायची. कधी काकडं कमी पडायची आणि जेवताना सगळ्यांच्या घशाला खाज सुटायची. तरी कुणी बोलायचं नाही, कारण बोललं की काकू दोन दिवस जेवायची नाही.

कुंदाताई माझ्याहून एका वर्षाने मोठी. ती दहावीत गेली तेव्हा मी नववीत गेले. सातवीपर्यंत घरातली हुशार मुलगी म्हणजे ती. अक्षर सुरेख, पाठांतर पक्कं, आणि आजारी माणसापाशी तिला बसवलं की त्याला तेवढ्यानेच बरं वाटायचं. काकांच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना उठवणं, पुसणं, औषधाच्या वेळा सांभाळणं तिनेच केलं. शहापूरहून एक नर्सबाई काकांना सुई द्यायला यायच्या. त्या जाता जाता तिला म्हणाल्या होत्या, "दहावी पास हो, मग ये माझ्याकडे. कुठं अर्ज टाकायचा ते मी सांगते." ते एवढं वाक्य धरून कुंदाताई जगत होती. दळण घेऊन येताना, नदीवर धुणं आपटताना तिचं एकच चाललेलं असायचं, नर्सला काय काय यावं लागतं. पण आठवीपासून तिचे मार्क उतरायला लागले होते. तिला फळा नीट दिसायचा नाही. मग ती पहिल्या बाकावर जाऊन बसायची, डोळे बारीक करायची आणि कसंबसं निभावून न्यायची. त्याच काळात माझं नाव वर आलं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसलाच प्रकार होता, पण मला त्या गायीचा मान आवडत होता. खोटं कशाला लिहू, ताईचे मार्क उतरले याचं मला वाईट वाटलं नव्हतं.

नववीला गणिताला आम्हाला जे सर होते ते वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त शिकवायचे. केवल मूल्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आमच्या शहापुरातल्या शाळेच्या फाटकापाशी नेलं. बाहेर चिखल, त्यात ती वरात. सर म्हणाले, "हे फाटक म्हणजे शून्य. आसनगावच्या बाजूने येणारे अधिक, सापगावच्या बाजूने येणारे उणे." मला सापगावच्या दिशेने आणि दुसऱ्या एका मुलीला आसनगावच्या दिशेने तीस-तीस पावलं चालायला लावली, आणि मग सर फाटकातून ओरडले, "कोण जास्त चाललं?" मुलं म्हणाली, दोघी सारख्याच. "अरे, पण रंजना तर उणे तीसवर उभी आहे." तरी सारख्याच, मुलं म्हणाली. "बरोबर. पायांना दिशा कळत नाही, पायांना अंतर कळतं. शून्यापासून जेवढं अंतर तेवढं त्या संख्येचं केवल मूल्य. अंतर कधी उणे असतं का? मग केवल मूल्यही कधी उणे नसतं." वर्गात आल्यावर त्यांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि मधे उणे तीस लिहिलं. बाहेर आलं तीस. मला ते एखाद्या दरवाजासारखं वाटलं, एका बाजूने उणं शिरायचं आणि दुसरीकडून धडधाकट होऊन निघायचं. मी वहीत तशी पन्नास उदाहरणं घातली. सर त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलले असणारच, कारण मी स्वतः ती पुढे प्रत्येक वर्गाला सांगत आले: 'किती लांब' एवढंच विचारलं असेल तर केवल मूल्य घ्या, पण 'कुठल्या बाजूला' असं विचारलं असेल तर चिन्हाला हात लावू नका. माझ्या त्या वहीत ते वाक्य नाही. मी तेव्हा भिजलेल्या गणवेशाचा घेर पिळत असेन.

श्रावण संपता संपता शहापुरात डोळे तपासणीचं शिबिर लागलं. आई कुंदाताईला घेऊन गेली. म्हाताऱ्या माणसांना तिथल्या तिथे तयार चष्मे देत होते, ताईचा मात्र तयारातला नव्हता. तिला एक चिठ्ठी मिळाली, दोन्ही डोळ्यांपुढे उणे अडीच लिहिलेली, आणि कल्याणला जाऊन चष्मा करून घ्या असं सांगितलं. ती चिठ्ठी आठवडाभर देवाच्या फळीवर पडून होती. भात पोटरीला आलं होतं, डुकरं येत होती, बाबांना राखण सोडून कल्याणला जायला होत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी काकूच आत गेली आणि तांदळाच्या पिंपातून एक पत्र्याची डबी काढून घेऊन आली. तेराव्याला तिने काकांचे कपडे वाटून टाकले होते, पण चष्मा कुणाला द्यायचा ते न कळल्यामुळे तो राहिला होता. डबीतच काकांच्या नंबरची जुनी चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती.

"भावजी, कल्याणला कशाला जाता?" काकू म्हणाली. "ह्यांचा पन अडीचच नंबर व्हता."

बाबा दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दाराच्या उजेडाला उभे राहिले. ते चौथीपर्यंत शिकलेले होते आणि कागदावरची कुठलीही खूण सोडायचे नाहीत. "आकडा येकच हाय," ते म्हणाले. "पन दादाच्या आकड्याला फुली हाय नि कुंदीच्या आकड्याला नुसती रेघ. रंजे, हिकडं ये गो. ह्ये काय?"

मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बाबांनी कामाची गोष्ट मला विचारली होती. "चिन्ह हाय ते, बाबा. अधिक नि उणे. किंमत दोघांची सारखीच."

"नक्की?"

"आमाला सरांनी शिकवलंय." मी वही आणली आणि त्यांना त्या दोन उभ्या रेघा दाखवल्या. उणे अडीच मध्ये घातलं, अडीच बाहेर काढलं. बाबांनी वहीवरून बोट फिरवलं. "म्हंजे चालंल?"

"चालंल. नंबर तोच हाय."

काकूने चष्मा हळदीच्या पाण्याने धुतला, पदराने पुसला आणि कुंदाताईच्या डोळ्यांवर ठेवला. मी तिच्या हातात मराठीचं पुस्तक दिलं. तिने ते जवळ धरलं आणि तिचा चेहरा फुलला. "आक्षर मोठं दिसतंय," ती म्हणाली. मग तिने मान वर करून अंगणाकडे बघितलं. "लांबचं नाय दिसत पन. पयल्यापेक्षा कमी दिसतंय."

"सवय नाय अजून," आई म्हणाली. "नवी चप्पल पन आधी चावते."

तिथे काय झालं ते आता मला नीट सांगता येतं. ताईच्या डोळ्याची ताकद अडीचने जास्त होती. ती शून्यावर आणायची तर उणे अडीचचं भिंग हवं होतं. मी अधिक अडीचचं दिलं, म्हणजे जास्तीत आणखी भर घातली आणि दोष पाचावर गेला. अडीच आणि उणे अडीच शून्यापासून सारखेच लांब, पण एकमेकांपासून पाच घरं लांब. हे मला नववीतही काढता आलं असतं, त्यासाठी काही मोठी विद्या लागत नाही. जवळ धरलेलं पुस्तक मात्र त्या चष्म्यातून आणखी ठसठशीत दिसायचं. आम्ही परीक्षा पुस्तकावर घेतली आणि चष्मा पास झाला.

पुढचे महिने मी जवळून बघितले, कारण आम्ही दोघी एकाच शाळेत जायचो. आधी पहिल्या बाकावरून तिला निदान फळ्यावरचं मोठं अक्षर लागायचं. आता तेही गेलं. ती शेजारणीच्या वहीत डोकावून उतरवायची, आणि गणितात शेजारीणच चुकीचं उतरवायची. चष्मा काढला तर सर रागवायचे. एकदा म्हणाले, "चष्मा असूनही दिसत नाही, म्हणजे डोळ्यांचा दोष नाही, लक्ष नाही." घरी काढला तर काकू म्हणायची की लावून काढला की नंबर वाढतो. संध्याकाळी तिचं कपाळ ठणकायचं, मग आई सुंठ उगाळून लेप लावायची आणि ती तशीच पांढऱ्या कपाळाने चुलीपुढे बसून राहायची. शाळेतून नदीच्या पुलावरून येताना समोरून कुणी आलं की ती मला हळूच विचारायची, "कोन हाय गो?" मी नाव सांगायची आणि मग ती हसून बोलायची, ओळखल्यासारखं. लोक म्हणायला लागले, कुंदी जरा मठ्ठच झाली. आणि बाबा गिरणीत दळणाला बसले की सांगायचे, आमच्या रंजीने नंबराचा हिशेब लावला, कल्याणची खेप वाचवली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, पण तेव्हा मला उंट दिसत नव्हता, फक्त उंची दिसत होती.

पौषात झोडणी संपली होती. खळ्यावर पेंढ्याचा भारा पडलेला असायचा आणि ओल धरलेल्या शेतात वाल वर आले होते. दुपारी गुरं पेंढ्यात घुसू नयेत म्हणून आम्हा दोघींना खळ्यावर बसवायचे. आई मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा बांधून द्यायची. अशाच एका दुपारी कुंदाताईने तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "ह्यो भिंगांचा धडा समजावून सांग," ती म्हणाली. "सरांनी आकृत्या फळ्यावर काढल्या, मला कायपन नाय दिसलं." परीक्षेला अजून दोन महिने होते. पुढच्या वर्षी ते पुस्तक मलाच वापरायचं होतं, म्हणून मी आधीपासून ते चाळत असायची, पण त्या धड्यापर्यंत पोचले नव्हते. मी मोठ्याने वाचायला लागले. बहिर्गोल भिंग, अंतर्गोल भिंग, नाभी, नाभीय अंतर. मी वाचत होते, ती शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होती. पान उलटलं आणि डोळ्यांचे दोष आले. लांबचे न दिसणे, उपाय अंतर्गोल भिंग, त्याची शक्ती ऋण. जवळचे न दिसणे, उपाय बहिर्गोल भिंग, त्याची शक्ती धन.

मी वाचायची थांबले. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "घसा सुकला." ती पाण्याची कळशी आणायला विहिरीकडे गेली. पाणी भरताना चष्मा आत पडेल म्हणून तो पुस्तकावर काढून ठेवायची तिची सवय होती. मी चष्मा उचलला आणि उन्हात धरला. खाली पेंढ्यावर एक उजेडाचा गोल पडला. चष्मा वर वर नेला तसा तो लहान झाला, आणि हातभर उंचीवर त्याचा एक ठिपका झाला. थोड्या वेळाने तिथली काडी काळी पडली आणि धुराची बारीक रेघ निघाली. अंतर्गोल भिंगाने असं होत नाही, हे मी दोन मिनिटांपूर्वीच मोठ्याने वाचलं होतं. मी काडी पायाने चुरडली आणि चष्मा होता तसा ठेवला.

ती आली, चष्मा लावला, बसली. मी पाणी प्यायले. आणि पुढचा परिच्छेद सोडून पान उलटलं.

"मधलं सोडलंस," ती म्हणाली.

"ते परीक्षेला येत नाय."

"बरं," ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली.

मी का बोलले नाही, याची कारणं मी इतकी वर्षं निरनिराळी देत आले. बाबा मारतील अशी भीती होती, हे एक. त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. मी आईला सांगायला गेले होते पण ती कामात होती, हे दुसरं. मी गेलेच नव्हते. खरं कारण लहान आणि घाणेरडं होतं. बाबांनी मला बोलावून विचारलं होतं, गिरणीत माझं नाव घेतलं होतं, आणि ते पुसलं जाणं मला सोसणारं नव्हतं. दुसरंही आहे, तेही लिहिते. पुढे शिकवायचं झालं तर दोघींना शिकवायची घरात ऐपत नव्हती, हे मला कळत होतं. मी पंधरा वर्षांची होते. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी आईने ताईच्या हातावर दही घातलं. मी तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेले. तिने चष्मा पुसून लावला, कंपासपेटी काखेत धरली आणि पुलाकडे चालायला लागली. पुलाच्या तोंडाशी ती थांबली आणि वळून माझ्या दिशेने बघत उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मला माहीत होतं की एवढ्या अंतरावरून तिला माझं तोंड दिसणं शक्य नाही, म्हणून मी हातसुद्धा हलवला नाही. मग ती गेली.

ती गणित आणि विज्ञानात नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरत होतं, तेवढ्यात मुरबाडच्या पुढून, डोंगराच्या पायथ्याच्या गावातून स्थळ आलं. पाहुणे ओटीवर बसले तेव्हा आई आत येऊन म्हणाली, "चष्मा काढ. चष्म्याची पोरगी कोन करतो?" ताईने चष्मा काढून कोनाड्यात ठेवला तो पुन्हा कधी लावला नाही. मार्गशीर्षात लग्न झालं. नर्सबाई लग्नाला आल्या होत्या. जेवून, ताईच्या गालावरून हात फिरवून गेल्या. मी पुढच्या वर्षी शाळेत पहिली आले, मग कल्याणला कॉलेज, मग बी.एड. भिंगांचा तो धडा मी तिच्याच पुस्तकातून शिकले. त्या परिच्छेदावर मला परीक्षेत प्रश्न आला होता आणि त्याला पूर्ण मार्क पडले.

लग्नानंतर ताईने चाळीस वर्षं नागली पेरली, वरी पेरली, भात लावलं, तीन मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांचं शेवटचं सगळं केलं. मुलगा आता मुरबाडच्या एका कारखान्यात आहे. मी दिवाळीला, लग्नकार्याला जायची. मी मास्तरीण, माझ्या नाकावर चष्मा. ती लांबून येणाऱ्या माणसाला अजूनही चालीवरून ओळखायची. मी तिला चष्मा करून द्यायला किती वेळा निघाले असेन. पण नंबर काढायला गेलो की चिठ्ठी मिळणार, चिठ्ठीवर उणे लिहिलेलं असणार, आणि मग ते बोलावं लागणार. तिला कामात चष्मा जमायचा नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. मी पुढे होऊन तिला कल्याणला नेलं, एकामागून एक दोन्ही डोळे केले. आत नवी भिंगं बसवली आणि लांबचं नीट दिसेल अशी बसवली. थेंब घालायला मी तिच्या घरी राहिले. आठवड्याने काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली. दुपारची वेळ होती. सून कामाला गेली होती, आम्ही दोघी ओटीवर बसून सुपात नागली पाखडत होतो. ताईने मान वर केली आणि हात थांबवला. समोर डोंगर.

"त्याला झाडं सुटी सुटी हायत," ती म्हणाली. "मला वाटायचं, गिलावा केल्यावानी येकसारखाच असतो तो."

ती ते साधेपणाने म्हणाली. मला मात्र बसवेना. साठीच्या बाईने रडू नये म्हणतात, मी रडले, आणि रडता रडता सगळं सांगितलं. दोन चिठ्ठ्या, फुली आणि रेघ, माझी वही, खळं, काळी पडलेली काडी, सोडलेला परिच्छेद. मला उणे आणि अधिकसुद्धा पुन्हा समजावून सांगावं लागेल अशा तयारीत मी होते. ती नागली पाखडत ऐकत होती. फोलपटं उडत होती, ती तिच्या पदरावर बसत होती.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं ती माझी समजूत काढतेय. "कसं ठाऊक असेल, ताई?"

"पुस्तक जवळ धरलं का मला दिसायचं ना गो. ते पान मी आधीच वाचलेलं. माझ्या चिठ्ठीवर रेघ व्हती ते मला ठाव व्हतं. मंग धडा घेऊन तुझ्याकडं आले. म्हटलं, वाचल नि बोलल. मी पान्याला गेले ती पन मुद्दाम गेले. येताना धुराचा वास आला मला."

"मग तू का नाही सांगितलंस? बाबांना सांगायचंस."

"मी सांगून काय झालं असतं? मी मठ्ठ. बाबा तुलाच इचारणार व्हते, खरं काय ते." तिने सूप खाली ठेवलं. "तू काय म्हनली असतीस?"

मी तिने ठेवलेलं सूप उचललं आणि पाखडायला लागले.

"राग व्हता," ती म्हणाली. "धा-बारा वर्सं व्हता. मंग पोरं झाली, त्यांचं करता करता रागाला टाइम नाय ऱ्हायला." मग ती डोंगराकडेच बघत म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी पुलापाशी उभी ऱ्हायले. तुझं तोंड काय मला दिसत नव्हतं. पन म्हटलं, हाक तरी मारशील."